घरामागचा ओढा, घाणेरी आणि मंडळाचा श्रमदानाचा बेत

प्रश्न थोडक्यात असा: सिडनीच्या वायव्य भागात घर घेतलं, मागच्या कुंपणापलीकडे ओढा आहे. दोन्ही काठांवर घाणेरी, प्रिव्हेट नावाचं परकं झाड आणि वेलींचं रान माजलंय. मंडळातली वीस-पंचवीस मंडळी एक शनिवार-रविवार लावून ते साफ करायला आणि देशी झाडं लावायला तयार आहेत. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारलं तर उत्तर आलं की आधी बुशकेअर गटात (रान सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात) नाव नोंदवा, तोवर काही तोडू नका. तर रोपं कोणती आणावीत, आणि कौन्सिल उगाच खोडा घालतंय का?

खोडा घालत नाहीये. आणि रोपं आणूच नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

मी बरीच वर्षं याच शहरात तण काढून देशी रान परत उभं करायचं काम पोटासाठी करतो. आठवड्यात कंत्राटावर, आणि काही रविवारी कौन्सिलच्या स्वयंसेवक गटांबरोबर देखरेखीला. तुमच्यासारखा बेत घेऊन येणारे लोक नेहमी भेटतात आणि त्यांच्या उत्साहाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन दिवसांत पंचवीस जणांनी उघडा केलेला ओढाकाठ सहा महिन्यांनी जाऊन पाहा. घाणेरीच्या जागी कमरेएवढं तण उभं असतं आणि लावलेल्या रोपांच्या प्लास्टिकच्या नळ्या तेवढ्या मधूनमधून डोकावतात.

असं का होतं? घाणेरीच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथल्या मातीत पडलेलं बी झोपून असतं. त्यात देशी बी असतं तसं तणांचंही असतं, आणि ओढाकाठी तणांचं कितीतरी जास्त. जाळी एकदम काढली, मुळं उपटताना माती हलवली, की ऊन आणि ऊब मिळून सगळं बी एकाच वेळी जागं होतं. या शर्यतीत तण पुढे जातं, कारण ते वाढतं भराभर आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बी टाकतं. देशी गवत आणि झुडपं सावकाश चालीची. ती उगवतात, पण बोटभर असतानाच तणाखाली दडपली जातात. आता उगवलेल्या तणातून हातानं निवडत बसायला दर पंधरा दिवसांनी माणसं हवीत. पहिल्या शनिवारी पंचवीस आलेली असतात, पाचव्या शनिवारी तीन येतात. तेव्हा जेवढं संपवता येईल तेवढंच ताटात वाढून घ्यायचं, हा पंगतीतला नियम इथे तंतोतंत लागू आहे.

ही गोष्ट इथे पहिल्यांदा नीट पाहिली ती सिडनीच्याच मॉसमन भागातल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी. १९६० च्या दशकात त्या रोज बंदराकाठच्या अ‍ॅश्टन पार्कमध्ये फिरायला जात आणि जाता जाता हाताला लागेल ते तण उपटत. यंत्रं लावून सरसकट सफाई केलेल्या जागी तण दुप्पट होऊन परत येतं, आणि आपण नुसतं चालता चालता निवडलेल्या जागी मात्र देशी झाडोरा पसरत चाललाय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून त्यांनी तीन नियम काढले. कामाची सुरुवात चांगल्या रानाकडून करायची आणि खराबाकडे सरकायचं. माती शक्य तितकी कमी हलवायची आणि पालापाचोळा परत पसरून ठेवायचा. आणि तण काढायचा वेग देशी झाडांच्या उगवण्याच्या वेगावरून ठरवायचा, आपल्या उत्साहावरून नाही. १९७० च्या दशकात नॅशनल ट्रस्टच्या न्यू साउथ वेल्स शाखेने ही पद्धत उचलली आणि पुढे त्यातूनच हा एक रीतसर व्यवसाय उभा राहिला. आज इथल्या बहुतेक कौन्सिलांचे स्वयंसेवक गट महिन्यातून एकदा जमतात, तीन-चार तास काम करतात आणि मध्ये चहा-बिस्किटांना थांबतात. त्या सगळ्यामागे या दोघींचं निरीक्षण आहे.

तिसरा नियम लोकांना सर्वांत जड जातो. समोर शंभर फूट घाणेरी दिसत असताना खोलीएवढा तुकडा काढून थांबायचं, तोच तुकडा महिन्याने परत निवडायचा, त्यात देशी रोपं गुडघ्याला लागली की मग कडेने हातभर पुढे सरकायचं, यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण आमचं खरं काम म्हणजे हे परत येणंच. पहिली तोड हा त्यातला सोपा आणि लहान भाग.

आता तुमच्या ओढ्याकडे वळू. हातात काहीही न घेता, ज्याला इथली झाडं ओळखता येतात अशा माणसाबरोबर वरच्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत एकदा चाला. तुमच्या भागात डोंगरमाथ्यावर शेल खडकाची जरा सकस चिकणमाती असते. तिथे एकेकाळी ब्लू गम आणि टर्पेन्टाइनची उंच रानं होती. घरं बांधायला तीच जमीन सोयीची, म्हणून ती आता जवळपास संपलीत आणि अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेलीत. त्याहून पश्चिमेला सपाट भागात कंबरलँड मैदानाची विरळ रानं होती, त्यांचेही मूळच्या दहा टक्क्यांहून कमी तुकडे उरलेत. तुमच्याकडे मात्र माथ्यावरून उतरलं की हॉक्सबरी वालुकाश्म लागतो. त्याची माती रेताड आणि फॉस्फरसच्या बाबतीत अगदी दरिद्री. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, वॅटल ही झाडं त्या दारिद्र्यातच वाढायला शिकलेली, आणि तणांना तिथे एरवी तग धरता येत नाही.

मग तणं आली कुठून? पावसाळी पाण्याच्या नळातून. वरच्या वस्तीतल्या छपरांचं, रस्त्यांचं, खत घातलेल्या हिरवळींचं, कुत्र्यांच्या विष्ठेचं पाणी एका सिमेंटच्या तोंडातून ओढ्यात पडतं, आणि जोराच्या पावसात तुंबलेल्या गटाराचंही त्यात मिसळतं. सिमेंटच्या नळांमधून वाहताना त्याची आम्लताही बदलते. जिथे हे पाणी पसरतं तिथे फॉस्फरस वाढतो, देशी झाडं आजारतात आणि प्रिव्हेट, घाणेरी आणि ट्रॅड ही जमिनीवर पसरणारी वेल फोफावतात. वर उभं राहून पाहिलंत तर नळाच्या तोंडापासून खाली पंख्यासारखा पसरलेला गडद हिरवा पट्टा डोळ्यांनी दिसतो. तो पट्टा कधीही पूर्ण तणमुक्त होणार नाही, हे आजच मान्य करा. पहिलं वर्ष तिथे घालवू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना, खडकांच्या आडोशाला, नळाच्या पाण्याची धाव पोचत नाही अशी जागा शोधा. जमिनीवर लोमँड्रा या गवतासारख्या झाडाचे गठ्ठे, डायनेला या झुडपाची निळी फळं, मायक्रोलिना हे झुकलेल्या कणसांचं नाजूक गवत किंवा वॅटलची वीतभर पोरं दिसली की समजा, माती जिवंत आहे. वॅटलचं बी मातीत कित्येक दशकं टिकतं. तीस वर्षं घाणेरीखाली दबलेल्या जागीही ते उगवून येतं. अशा ठिकाणी नर्सरीतून रोपं आणून लावणं म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही वाया.

ब्रॅडली बहिणींचा पहिला नियम मी स्वतः दोन बाबतींत मोडतो, आणि बहुतेक अनुभवी लोक मोडतात. एक, वेली. मॅडीरा वेल आणि बलून वेल मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढून त्याचा सगळा पसारा झाकून टाकतात आणि वजनाने फांद्या मोडतात. झाड मेलं की त्याच्यासारखं दुसरं उभं राहायला पन्नास वर्षं लागतात, म्हणून वेल कितीही खराब जागी असली तरी आधी तिच्याकडे जायचं. गॉर्डन या उपनगरात ओढ्याकाठी राखाडी डोक्याच्या मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. तिथे तणांशी झुंज देणारं काम १९८० च्या दशकापासून चालू आहे, कारण वटवाघळांना टांगून घ्यायला उंच झाडं शाबूत लागतात. (हीच वटवाघळं रात्री लांबलांब उडत निलगिरीच्या जातींचं परागीभवन करतात, त्यामुळे त्यांच्यावर नाकं मुरडू नका.) दुसरा अपवाद प्रिव्हेटचा. वसंतात फुलून हिवाळ्यात फळांनी लगडलेलं प्रिव्हेटचं मोठं झाड पक्ष्यांमार्फत आख्ख्या खोऱ्यात बी वाटत असतं. करवाँग हा काळा-पांढरा मोठा पक्षी त्या फळांवर हिवाळा काढतो आणि पुढे विणीच्या हंगामात लहान पक्ष्यांची घरटी लुटतो. दिलाशाची बाब म्हणजे प्रिव्हेटचं बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही. फळणारी झाडं थांबवली आणि दोन-तीन वर्षं खालची पोरं उपटली की फरक ठळक जाणवतो.

ट्रॅडचीही दिशा वेगळी. ही पाणथळ सावलीत गालिच्यासारखी पसरणारी मऊ वेल आपल्याकडच्या कुंड्यांतही दिसते. इथे ती बियांनी नाही, तुकड्यांनी पसरते. पेराएवढा तुकडा पुराबरोबर वाहत गेला की खाली नवा गालिचा. म्हणून ट्रॅड काढायची तर प्रवाहाच्या वरच्या टोकाकडून खाली यायचं. दाताळ्याने गुंडाळत आणायची, काळ्या प्लास्टिकखाली कुजवायची, आणि राहिलेले तुकडे हाताने वेचायचे. मागल्या खेपेला स्वच्छ केलेल्या जागी गुडघ्यांवर बसून तुकडे वेचणं हे काम कोणालाच आवडत नाही, नव्या माणसांच्या वाट्याला नेमकं तेच येतं. तिच्यावर पडणारी एक बुरशी ब्राझीलहून आणून, तपासून, २०१९ पासून काही ठिकाणी सोडली आहे. तिच्यामुळे काम हलकं व्हावं ही आशा, पण तिच्या भरवशावर बसू नका.

हत्यारांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पहिल्याच दिवशी लोक कुऱ्हाड आणि ब्रशकटर घेऊन येतात. आमच्या पिशवीत असतं ते एवढंच: छाटणीची कात्री, लांब दांड्याची कात्री, घडीची करवत, बोथट सुरी आणि तणनाशकाची छोटी बाटली, जिच्या तोंडाला स्पंज असतो. घाणेरी आणि प्रिव्हेट जमिनीलगत कापायचं आणि कापलेल्या खोडावर काही सेकंदांतच, अर्धं मिनिट उलटायच्या आत, तणनाशक टेकवायचं. उशीर झाला तर झाड आपलं तोंड मिटून घेतं आणि औषध आत जात नाही. दोघांनी मिळून करायचं, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने लावायचं. मूळ उपटायचं नाही. ओढ्याच्या काठावर तर मुळीच नाही, कारण तुमचा काठ आज त्याच प्रिव्हेटच्या मुळांनी धरून ठेवलाय. ते मूळ मेल्यावरही दोन-तीन वर्षं माती धरतं, तेवढ्यात लोमँड्राला बस्तान बसवता येतं. दोन्ही काठ एकाच मोसमात उघडे करू नयेत. पश्चिम सिडनीत २०२१ आणि २०२२ मध्ये जे पूर आले, त्यांत नुकते मोकळे केलेले काठ कसे ढासळले ते कौन्सिलच्या माणसाला विचारा. त्यांच्या 'थांबा'मागे हाही अनुभव असतो.

तणनाशक म्हटलं की मंडळातले दोघे-तिघे भुवया उंचावतात, आणि ते योग्यच आहे. पाण्याजवळ वापरायला वेगळं, बेडकांना कमी घातक असलेलं मान्यताप्राप्त मिश्रण असतं. फवारणी स्वयंसेवकांना सहसा करू देत नाहीत, आणि खोडावर टेकवायचं कामही प्रशिक्षणानंतरच. ज्यांना तत्त्व म्हणून ते हाताळायचंच नाही त्यांच्यासाठी हाताने करण्याचं काम ढीगभर असतं, त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही.

काही तणं आपल्या लोकांना ओळखायला सोपी जातात, कारण त्यांची भावंडं आपल्या घरची आहेत. जमिनीवर पसरणारी काटेरी अ‍ॅस्परॅगस फर्न शतावरीच्या गोत्रातली. तिच्या मुळांना पाण्याने भरलेल्या गाठी असतात आणि नवे लोक त्या एकेक खणून काढत बसतात. गरज नसते, गाठींतून ती पुन्हा फुटत नाही. मधला कठीण कंद तेवढा सुरीने कापून उचलायचा, बाकी मुळं मातीत राहू द्यायची. बलून वेल आपल्या कपाळफोडीची मोठी बहीण, तशीच फुग्यासारखी फळं, ती पाण्यावर तरंगत खाली जातात. आणि मॅडीरा वेल मायाळूच्या कुळातली. पानं तशीच जाड, चकचकीत, त्यामुळे भजी डोळ्यांपुढे येतात. ती झाडावरून ओढायची मात्र नाही. खोडाला लोंबणाऱ्या शेकडो गाठी खाली पाडाल आणि प्रत्येक गाठ कित्येक वर्षं उगवत राहील. खोडाची एक बाजू सुरीने खरवडून तिथे औषध लावायचं आणि ती जागच्या जागी मरू द्यायची. बलून वेलीचं खोड मात्र खाली कापून सोडून दिलं तरी चालतं, वरचा भाग आपोआप सुकतो.

आता घाणेरीच्या बाजूने दोन शब्द. १८४१ मध्ये ती ऑस्ट्रेलियात बागेचं शोभेचं झुडूप म्हणून नोंदली गेली, आणि आज चाळीस लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर आहे. तिच्याबद्दल मला प्रेम नाही. पण तुमच्या ओढ्यावर निळे रेन, स्क्रबरेन असे मुठीएवढे पक्षी अजून दिसत असतील तर ते त्या काटेरी जाळीतच झोपतात आणि घरटी करतात. खाली लांबनाक्या बँडिकूटचा ठिकाणा असू शकतो. जाळी एका आठवड्यात गेली की त्यांना मांजर, कोल्हा आणि नॉइझी मायनर यांच्या तोंडी दिल्यासारखं होतं. हा नॉइझी मायनर इथलाच पक्षी, आपल्या साळुंकीशी त्याचं काही नातं नाही. साळुंकी इथे १८६० च्या दशकात माणसांनी आणून सोडलेली आहे आणि लोक दोघांनाही एकाच नावाने शिव्या घालतात. पण उघड्या, विरळ, खाली गवत आणि वर उंच झाडं अशा जागी टोळ्या करून बाकीच्या लहान पक्ष्यांना हाकलून लावण्यात नॉइझी मायनर जास्त तरबेज. वीस-पंचवीस जणांनी 'स्वच्छ' केलेला ओढाकाठ म्हणजे नेमकी त्याच्या पसंतीची जागा. म्हणून आम्ही घाणेरी तुकड्या-तुकड्यांत काढतो. एका जागी बर्सारियासारखं काटेरी देशी झुडूप दाट झालं की मग शेजारची जाळी. वसंतात, घरट्यांच्या दिवसांत, जाळ्यांना हात न लावता खालचं तण निवडतो. कापलेल्या फांद्यांचे ढीगही उचलून नेत नाही. पुराच्या रेषेच्या वर रचून ठेवले की त्यांत निळ्या जिभेचे सरडे राहायला येतात.

रोपं लावायची वेळ मग येते तरी कधी? जिथे एक-दोन वर्षं निवडूनही देशी काही उगवत नाही तिथे. बहुधा ती जागा म्हणजे कोणीतरी भराव टाकलेली, बाहेरची माती आणलेली किंवा ढासळलेला काठ. तिथे शरद ऋतूत, मार्च ते मेच्या दरम्यान, पाऊस आणि थंडावा दोन्ही असताना लावतात. काठाशी लोमँड्रा आणि गवतं दाट, चौरस मीटरला चार ते सहा, मागे वॉटर गम, लिली पिली आणि तुमच्या मातीला साजेशी झाडं. लिली पिली जांभळाच्याच वंशातली, मुलांना फळ चाखायला द्या, जरा तुरट लागतं. बी त्याच खोऱ्यातलं हवं, म्हणजे त्याच मातीला आणि पावसाला सरावलेलं. मोठ्या हार्डवेअर दुकानात 'नेटिव्ह' म्हणून मिळणारं रोप क्वीन्सलँडचं किंवा पर्थकडचं असू शकतं. ते इथे तितकंच परकं. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड याच समजुतीने झाली: झाड हिरवं आहे, पटकन वाढतं, मग हरकत काय? तुम्ही कोकणातले असाल तर त्या बाभळीखाली दुसरं किती उगवतं ते पाहिलं असेलच.

बहुतेक कौन्सिलांच्या स्वतःच्या छोट्या रोपवाटिका असतात आणि तिथेही स्वयंसेवक लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बी साफ करणं, रोपं कुंडीतून कुंडीत बदलणं हे बसून करायचं उत्तम काम आहे. मंडळातल्या आजी-आजोबांना मी नेहमी तिकडे पाठवतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्यांना आठवड्यातून एक सकाळ माणसांत घालवायला मिळते, आणि मातीत त्यांचा हात आपल्यापेक्षा चांगला चालतो.

आगीबद्दल थोडंच सांगतो, कारण ती तुमच्या हातातली गोष्ट नाही. हा दारुग या इथल्या आदिवासी मूळ रहिवाशांचा प्रदेश. त्यांनी हजारो वर्षं थोडी-थोडी, मंद आग लावून ही रानं सांभाळली. कित्येक वॅटल, मटारच्या कुळातली झुडपं यांचं बी आगीच्या उष्णतेने किंवा धुराने फुटतं, आणि युरोपीय लोकांची वस्ती झाल्यापासून ती आग थांबली आहे. काही कौन्सिलं अग्निशमन दलाबरोबर ठरवून छोटी जाळणी करतात, काही ठिकाणी दारुग जाणकारांना बरोबर घेऊन. अशी जाळणी तुमच्या तुकड्यावर ठरली तर आधीची तयारी आणि नंतरचं वर्षभराचं निवडणं स्वयंसेवकांवर येतं. तेव्हा पाहायला नक्की जा. तीन आठवड्यांत काळ्या जमिनीतून जे वर येतं ते दहा वर्षांच्या हातकामात दिसत नाही.

सुरक्षिततेचं. पूर्ण बाह्या, लांब पँट मोज्यांत खोचलेली, बंद बूट, टोपी, हातमोजे. बंदराच्या आणि समुद्राच्या बाजूला जास्त, पण दमट ओढ्यांवर सगळीकडेच पॅरालिसिस टिक ही गोचीड असते. घरी गेल्यावर केसांत, काखेत, कानामागे तपासायचं. लागलेली सापडली तर चिमटीत धरून दाबायची नाही. तिला जागच्या जागी गोठवून मारणारा फवारा औषधाच्या दुकानात मिळतो. तिच्या चाव्यामुळे काहींना पुढे मटणाची, बीफची अ‍ॅलर्जी होते, ही गंमत नाही, सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर असे रुग्ण बरेच आहेत. आमच्या गटातले कोल्हापूरकर हे ऐकल्यापासून पँट मोज्यात सर्वांत आधी खोचतात. फनेल-वेब कोळी ओलसर दगडांखाली असतो, दगड उलटे करायचे नाहीत, विवरात बोट घालायचं नाही. त्याच्यावरचं प्रतिविष १९८१ मध्ये आल्यापासून कोणी दगावल्याची नोंद नाही. लाल पोटाचा काळा साप दिसला तर त्याला जाऊ द्या आणि देखरेखीच्या माणसाला सांगा. बहुतेक वेळा त्यालाच घाई असते.

बूट घासणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आत जाण्यापूर्वी तळव्यांची माती काढायची आणि मेथिलेटेड स्पिरिटचा फवारा मारायचा. फायटॉफ्थोरा हा मुळं कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीबरोबर पसरतो. २०१० च्या एप्रिलमध्ये न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्यांदा सापडलेला मर्टल रस्ट हा तांबेरा कपड्यांवरूनही जातो. तो निलगिरी, लिली पिली, टर्पेन्टाइनच्या कुळावर पडतो. रोडॅम्निया नावाचं एक लहान झाड या ओढ्यांवर सहज दिसायचं, तांबेऱ्याने ते काही वर्षांत नामशेष व्हायच्या काठावर आणलं.

तुमच्या कुंपणाच्या आतलंही पाहायला हवं, कारण ओढ्यातलं अर्धं तण बागांतून आलेलं असतं. सोनटक्का, कर्दळ आणि अळू आपल्याला घरचे वाटतात. इथल्या ओढ्यांत तिन्ही तण म्हणून फिरतात. अळूचा कंद किंवा सोनटक्क्याचा गड्डा कुंपणापलीकडे फेकला की दोन पावसांत काठ धरून बसतो. अळू लावायचंच असेल तर मोठ्या कुंडीत लावा, आणि बागेचा कचरा हिरव्या झाकणाच्या डब्यातच टाका. ओढ्यातलं अळू मात्र फदफद्याला आणू नका, त्या पाण्यात काय-काय येतं ते वर सांगितलंच आहे. अ‍ॅलिगेटर वीड ही पाण्यातली भयंकर तण-भाजी इथल्या श्रीलंकन लोकांच्या परसात वर्षानुवर्षं जपलेली सापडली होती. त्यांच्या आवडीच्या मुकुनुवेन्ना या पालेभाजीशी तिचं बरंच साम्य, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. कोणी 'ही आपलीच भाजी' म्हणून रोप दिलं तर आधी कौन्सिलच्या तणतज्ज्ञाला फोटो पाठवा. आणि गणपतीचं निर्माल्य ओढ्यात नको. फुलांबरोबर बी जातं, दोरा जातो, आणि पाण्यातल्या वॉटर ड्रॅगन या सरड्याच्या गळ्यात तो अडकलेला मी पाहिलाय.

राहिला मंडळाचा उत्साह. पंचवीस जणांना एकाच दिवशी उत्साह असेल तर जुलैच्या शेवटच्या रविवारी नॅशनल ट्री डे असतो. १९९६ पासून चालू आहे. कौन्सिलं त्यासाठी खड्डे काढून तयार ठेवलेल्या जागा देतात, तिथे पंचवीस हात खरोखर उपयोगी पडतात आणि लहान मुलंही रमतात. ओढ्यासाठी मात्र मला पंचवीस नकोत. चौघं द्या, जी महिन्यातून एकदा, वर्षभर येतील. पहिल्या खेपेला पाच तणं आणि पाच देशी रोपं ओळखायला शिका, बाकी काही नाही. तुमच्या आसपास आधीच गट असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यातले बहुतेक जण सत्तरीच्या घरातले असतील. एखादी आजीबाई तीस वर्षं त्याच दीडशे मीटरवर काम करत असेल. तिला त्या जागेबद्दल जे माहीत आहे ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. तिच्या शेजारी बसून काम करा.

गट नसेल तर कौन्सिलच्या बुशकेअर अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: जमीन नक्की कोणाची आहे (कौन्सिलची, सिडनी वॉटरची की राज्य सरकारची, कारण परवानगी आणि विमा त्यावर ठरतो), त्या ओढ्यासाठी आधीची काही योजना आहे का, आणि देखरेखीचा माणूस महिन्यातून किती तास मिळू शकेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'मिळणार नाही' असं आलं तर जागा घेऊ नका. तोवर तुमच्या कुंपणाला लागून जे प्रिव्हेट आतल्या बाजूला, तुमच्याच जमिनीत उभं आहे, ते फळायच्या आत कापून टाका. त्याला सहसा कोणाची परवानगी लागत नाही.